हातांनी ओळखलेली गाडी

जुनी गाडी चोरीला गेली की पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिचे काय व्हायचे ते ठरून जाते. नवी गाडी चोरणारा ती विकण्यासाठी चोरतो. तिला बनावट कागद तयार होतात, ती दुसऱ्या राज्यात जाते, पण निदान गाडी म्हणून शाबूत राहते. पन्नाशीला टेकलेली प्रीमियर पद्मिनी उचलणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा गाडी नकोच असते. त्याला पत्रा हवा असतो, इंजिन हवे असते, आता कुठेही नव्याने न बनणारे दरवाजे, दिवे, बंपर आणि काचा हव्या असतात. या गाडीला ट्रकसारखी स्वतंत्र चॅसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा, त्यामुळे गॅस कटर हाताशी असेल तर एका दुपारीत तिचे तुकडे होऊ शकतात, आणि त्यानंतर शोधायला काही उरत नाही. म्हणूनच आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांची, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘सर’ म्हणतो, पद्मिनी कोथरूडच्या गल्लीतून रात्रीत नाहीशी झाली, तेव्हा जुन्या गाड्या सांभाळणारी आमची मंडळी ज्या घाईने कामाला लागली, ती घाई बाहेरच्या माणसाला अतिरेकी वाटली असती. आम्हाला ती कमीच वाटत होती.

दिवस गणपतीचे होते. सरांनी सकाळीच पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली नोंदवला जातो, त्याप्रमाणे तो नोंदवला गेला. बंदोबस्ताच्या त्या धामधुमीतही ठाण्यातल्या अंमलदाराने आरसी बुक नीट पाहून इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर दोनदा पडताळून लिहिले, याचे आम्हाला आजही कौतुक आहे, कारण पुढचे सगळे त्या दोन नंबरांवर अवलंबून असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या यंत्रणेत देशभरातल्या चोरीच्या आणि सापडलेल्या वाहनांची माहिती जमा होते, आणि जुनी गाडी घेणाऱ्या सामान्य माणसालाही ती गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे तिथे तपासता येते. व्यवस्था चांगली आहे, पण तिचा सगळा भरवसा नंबरांवर आहे. नंबरप्लेट उचकटायला एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर घालवायला ग्राइंडर. चोर पहिल्याच रात्री ही दोन कामे करतो, आणि मग सरकारी नोंदीतली गाडी आणि प्रत्यक्ष उभी असलेली गाडी यांच्यात कोणतेच नाते उरत नाही.

एका जुन्या फियाटसाठी इतकी माणसे का धावली, हे नीट सांगायला हवे. होय, फियाटच, कागदोपत्री १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी असले तरी घराघरांत ती फियाटच राहिली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, ती १९७२ मध्ये प्रेसिडेंट झाली आणि दोन वर्षांनी पद्मिनी. १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, आणि समोर दोघांच्या मध्ये तिसऱ्याला सामावून घेणारे सलग सीट. गाडी नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे ते दिवस होते. सरांच्या वडिलांनी अशीच वाट पाहून ती घेतली, आणि मुलींना सासरी पाठवण्यापासून वडिलांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत घरातले प्रत्येक महत्त्वाचे जाणे-येणे तिच्यातून झाले. आता तो कारखाना नाही. कुर्ल्यात त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे, रस्त्याला तेवढे प्रीमियर रोड म्हणतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. जी काही थोडीफार नीट राखलेली खाजगी माणसांकडे असतील, त्यांतली एक जाणे म्हणजे काय, हे त्यांच्याखाली झोपून ऑइल चेंबर उतरवलेल्या माणसालाच कळते.

पैशाने ही हानी भरून येत नाही, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. व्यवहारात इतक्या जुन्या गाडीला सर्वंकष विमा मिळवणेच कठीण जाते, म्हणून बहुतेक जण केवळ थर्ड पार्टी विमा काढतात, आणि त्यात चोरीला संरक्षण नसते. सरांचेही तसेच होते. गाडी गेली असती तर पोलीस तपास संपल्यावर ‘अ’ समरीचा एक कागद हातात आला असता. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग मंडळींनी काय केले? आधी सरांना घेऊन बसलो आणि गाडीचे वर्णन लिहून काढले. रंग, मॉडेल, वर्ष एवढे पोलिसांकडे होतेच. आम्हाला हवे होते ते बाकीचे. डाव्या मागच्या दिव्याची काच उजव्यापेक्षा किंचित गडद होती, कारण ती दुसऱ्या गाडीवरून आणलेली होती. ड्रायव्हरच्या बाजूची छोटी त्रिकोणी काच बंद करायची कडी पितळेची होती. मूळची तुटल्यावर तुळशीबागेजवळच्या एका कारागिराकडून ती घडवून घेतली होती. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सरांच्या वडिलांच्या अक्षरात ऑइल बदलल्याच्या तारखा बॉलपेनने लिहिलेल्या होत्या. डिकीच्या तळाला, स्टेपनीच्या खाली, वेल्डिंग केलेला पत्र्याचा चौकोनी तुकडा होता. सर एकेक गोष्ट सांगत होते आणि जमलेल्यांपैकी कुणी ना कुणी भर घालत होते. ‘सर, बॉनेटचा दांडा मी बदललाय, तो अँबॅसॅडरचा आहे.’ ‘मागच्या सीटखाली लाल ऑक्साईड मारलाय, दिवाळीत आपण मिळूनच मारला होता.’ त्या बैठकीत जे कागदावर उतरले, ते कोणत्याही दप्तरात मिळाले नसते, आणि त्यातले निम्मे खुद्द मालकालाही ठाऊक नव्हते. गाडी एका माणसाच्या नावावर असते, पण तिची खरी माहिती किती हातांत वाटलेली असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ दिसले.

त्या यादीच्या प्रती आणि फोटो घेऊन माणसे निघाली. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दोघे गेले. तिथले जुने दुकानदार पद्मिनीचा दरवाजा कुठून आला हे नुसत्या बिजागरीवरून सांगू शकतात. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात काही जण सकाळपासून उभे राहिले. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांशी मुंबईच्या मित्रांनी बोलणे केले. गोव्यातली मंडळी तर अशा बाबतीत आपल्यापेक्षा दोन पावले पुढे असतात. तिथे आजही अनेक घरांच्या पोर्चमध्ये आजोबांची फियाट उभी असते, आणि सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावरून एखादी अनोळखी पद्मिनी उतरली तर ती त्यांच्या नजरेतून सुटत नाही. सगळ्यांत उपयोगी ठरले ते क्रेनवाले. बंद पडलेली किंवा किल्लीवाचून उचललेली गाडी लांब न्यायची तर कुणाची तरी क्रेन किंवा टेम्पो लागतोच, आणि हे लोक एकमेकांना ओळखतात. चौकशी करताना एक पथ्य आम्ही कटाक्षाने पाळायचे ठरवले होते: कुणावरही संशय घेऊन बोलायचे नाही, ‘अशी गाडी दिसली तर कळवा’ एवढेच म्हणायचे, आणि जी माहिती मिळेल ती त्याच दिवशी तपास अधिकाऱ्यांना द्यायची.

हे पथ्य एकदा मोडले गेले, आणि ते झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. मिरजेच्या बाजूला त्याच रंगाची पद्मिनी दिसल्याची खबर आली, तेव्हा उत्साहाच्या भरात सात-आठ जण थेट त्या घरी जाऊन धडकले. गाडी एका तरुणाची होती, त्याने ती रीतसर विकत घेतली होती, आरसी बुक त्याच्या नावावर होते. दारात अनोळखी माणसांचा घोळका पाहून त्याची आई घाबरली, शेजारीपाजारी जमले, आणि काहीही दोष नसताना त्या घराला गल्लीत मान खाली घालावी लागली. नंतर आमच्यातल्या ज्येष्ठांनी जाऊन माफी मागितली, तरुणाने ती मोठ्या मनाने स्वीकारलीही. पण जिव्हाळा आणि झुंड यांच्यामधले अंतर फार थोडे असते, आणि चोरीने चिडलेला माणूस ते कधी ओलांडतो हे त्याचे त्यालाच कळत नाही. गाडी परत मिळाली नसती तरी चालले असते, त्या माऊलीच्या दारात ती गर्दी व्हायला नको होती, असे माझे आजही मत आहे.

गाडी अखेर सापडली ती आमच्यातल्या एका वायरमनमुळे. हे दादा वर्षानुवर्षे जुन्या गाड्यांचे वायरिंग करतात, आणि त्यांची कामाची एक रीत आहे. वायरींचा जुडगा ते प्लास्टिकच्या टेपने गुंडाळत नाहीत, कारण इंजिनच्या उष्णतेने टेप काही वर्षांत चिकट होऊन सुटते. ते मेण ओढलेला दोरा वापरतात आणि दर चार बोटांवर एक गाठ मारतात. गाठ त्यांनी वडिलांकडून घेतली. दोर दोनदा फिरवून टोक खालून काढायचे, म्हणजे मधली एखादी गाठ तुटली तरी पुढचा जुडगा सैल पडत नाही. सरांच्या गाडीचा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला, तेव्हा संपूर्ण वायरिंग त्यांनीच नव्याने केले होते, आणि वायपरच्या मोटरला जाणारी वायर पिवळी संपल्यामुळे तपकिरी घातली होती.

पितृपक्षात दादा दौंड तालुक्यात बहिणीकडे गेले होते. मेव्हण्यांच्या ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नव्हता, म्हणून दोघे सोलापूर रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक गाडी होती. वाऱ्याने ताडपत्री एका बाजूने उडालेली. बॉडीवर राखाडी प्राइमर मारलेला, सीट काढलेली, डॅशबोर्डमधले मीटर उपटलेले. त्या मोकळ्या भोकांतून आतला वायरींचा जुडगा लोंबत होता, आणि त्यावर दर चार बोटांवर एक गाठ होती. दादांनी सांगितले की त्यांनी एकदाच पाहिले, तपकिरी वायरही दिसली, आणि त्यांनी मान वळवली. मग ट्रॅक्टरचा सेल्फ खोलला, कार्बन ब्रश साफ केले, पुन्हा बसवला, चहा घेतला, शेडवाल्याशी पावसावर दोन शब्द बोलले आणि रस्त्यावर आल्यावर फोन केला. ‘सर, गाडी आहे. अर्धी आहे, पण आहे. तुम्ही इकडे येऊ नका, साहेबांना सांगा.’ मिरजेच्या प्रसंगातून जे शिकायचे ते त्यांनी कुणी न सांगता शिकलेले होते. तेवढ्या वेळाचा तो संयम मला त्यांच्या साऱ्या कारागिरीपेक्षाही मोठा वाटतो.

पोलीस त्याच संध्याकाळी पोहोचले, पंचनामा झाला. अपेक्षेप्रमाणे चॅसिस नंबरावर ग्राइंडर फिरलेला होता. अशा वेळी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेची मदत होते: नंबर ठोकताना त्याखालचा धातू खोलवर दाबला गेलेला असतो, त्यामुळे वरचा थर घासून काढला तरी रासायनिक द्रावण लावल्यावर पुष्कळदा पुसलेले आकडे पुन्हा उमटतात. तपासणी होईपर्यंत मात्र ही गाडी सरांचीच आहे असे म्हणायला हाती होत्या त्या आमच्या यादीतल्या गोष्टी. पितळेची कडी निघालेली नव्हती. डिकीतला चौकोनी तुकडा होता. ग्लोव्ह बॉक्सचे झाकण शेडमध्येच एका पोत्यात सापडले, आणि त्यावरच्या तारखा वाचताना तपास अधिकाऱ्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

जगातल्या महागड्या गाड्यांचे हेच काम किती वेगळ्या प्रकारे होते, हे पाहण्यासारखे आहे. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर याची फेरारी एफ ५१२ एम १९९५ मध्ये इमोलाच्या शर्यतीच्या वेळी चोरीला गेली आणि २०२४ च्या मार्चमध्ये लंडनच्या पोलिसांनी ती सापडल्याचे जाहीर केले. मधल्या काळात ती जपानला जाऊन आली होती. एका अमेरिकी ग्राहकाच्या खरेदीच्या वेळी फेरारीने स्वतः तपासणी केली तेव्हा ती चोरीची असल्याचे कळले, आणि त्यानंतर पोलिसांना अवघे चार दिवस लागले. म्हणजे तिथे कारखाना जिवंत आहे, त्याची वही जिवंत आहे, आणि विचारणाऱ्याला उत्तर देणारे कुणीतरी आहे. पद्मिनीच्या मालकाने कुणाला विचारायचे? तिचा कारखाना बंद झाला, तिच्या सर्व्हिस स्टेशनांच्या पाट्या उतरल्या. त्या वहीची जागा आता नाना पेठेतले दुकानदार, कोथरूडचे मेकॅनिक आणि दादांसारखे वायरमन चालवतात. ही माणसे म्हातारी होत आहेत, आणि त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुणी लिहून घेतलेले नाही, याची मला चोरांपेक्षा जास्त काळजी वाटते.

आमच्याच मंडळींशी मात्र मला एका बाबतीत भांडायचे आहे. चोरलेली गाडी कापली जाते, कारण कापलेले भाग विकले जातात. आणि ते विकले जातात, कारण कुणीतरी घेते. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या खोलून विकण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी तो बंद पाडला, हे सगळ्यांनी वाचले आहे. पण तिथून निघालेला माल देशभरातल्या गॅरेजांत जात होता, आणि तो घेणाऱ्यांत गाड्यांवर प्रेम करणारेही असणारच. पद्मिनीची पुढची जाळी, न गंजलेला दरवाजा, मूळच्या काचा मिळाल्या की आपण हरखून जातो आणि त्या कुठून आल्या हे विचारत नाही. विचारले तर दुकानदार दुसऱ्याला देईल अशी भीती असते. मला वाटते, ज्याला खरोखर या गाड्या जगाव्यात असे वाटते त्याने मोठा भाग घेताना तो कोणत्या गाडीचा, तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे, आणि उत्तर नसेल तर हात मागे घेतला पाहिजे. त्यामुळे आपली गाडी वर्षभर एका दरवाजावाचून उभी राहिली तरी चालेल. सरांच्या गाडीचे कार्बोरेटर, रेडिएटर आणि मागची दोन दारे सापडली नाहीत. ती आज कुणाच्या तरी पद्मिनीवर बसलेली असतील, आणि तो माणूस रविवारी सकाळी मऊ कापडाने त्या दारांना पॉलिश करत असेल. तो वाईट माणूस नसेल. त्याने विचारले नाही एवढेच.

गाडी सापडली तरी ती लगेच घरी येत नाही. ती मुद्देमाल असते, आणि मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या आवारात उभा राहतो. आवारात कुजणाऱ्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे की जप्त केलेली वाहने दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात काही अर्थ नाही, फोटो आणि पंचनामा करून, योग्य बंधपत्र घेऊन ती लवकर परत द्यावीत. त्याच आधारावर आमच्यातल्या एका वकील ताईंनी मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज केला, आणि सुपूर्दनाम्यावर गाडी सरांच्या ताब्यात आली. खटला संपेपर्यंत ती विकता येणार नाही, तिचे रूप बदलता येणार नाही आणि कोर्ट मागेल तेव्हा हजर करावी लागेल, अशा अटी आहेत. त्यामुळे राखाडी प्राइमर तसाच ठेवला आहे, आणि गंज लागू नये एवढी काळजी घेऊन गाडी छपराखाली उभी आहे. मंडळींपैकी एकाने रेडिएटर आणून ठेवला आहे, बिलासह.

दादांचा जबाब पोलिसांनी नोंदवला आहे. खटला उभा राहिला की त्यांना साक्षीला यावे लागेल, आणि ती गाठ आपलीच आहे हे कशावरून, असा प्रश्न समोरचे वकील विचारणारच. सरांनी काळजीने त्यांना तसे सांगितले, तेव्हा दादा म्हणाले, ‘विचारू दे की. दोरा आणि मेण घेऊनच जाईन. तिथंच मारून दाखवतो.’